थोरली

बुटाच्या नाडीच्या टोकाचं प्लास्टिक चिरलेलं होतं, आणि त्या चिरेतून दोऱ्याचे बारीक तंतू बाहेर येऊन एखाद्या किड्याच्या मिशांसारखे थरथरत होते – वारा तर नव्हता, म्हणजे पायच हलत असणार. उजवा. तिने तो जमिनीवर दाबून धरला. गॅरेजच्या कोपऱ्यात टायरच्या चळतीवर बसून ती आपल्या उजव्या बुटाकडे बघत होती. घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्यावर जुन्या, विश्वासातल्या माणसाकडे बघावं, तसं.

“उचललास,” दादा म्हणाला होता.

“नाही उचलला.”

“भिंगरी, ही रेघ बघ.”

रेघ तिच्याच पायाची होती. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असला की पडद्यावर ती वरच्या अंगाने सरळ जाई, पाय सैल पडला की खाली येई. सकाळभर सरळ गेली होती, आणि फक्त थोरली नावाच्या वळणाच्या माथ्यावर तिला एवढीशी खळी पडली होती. गालावर पडावी तशी. दुसऱ्या कुणाची असती तर गोड म्हणाली असती ती.

“मांजरीने ओलं लागल्यावर पाय झटकावा ना, तेवढाच,” दादा म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघून हसायचं म्हणून हसला. “अवघड जागा आली की पाय काढता घ्यायचा, ही खानदानी सवय नाही आपली.”

ती हसली नाही. कारण तिला आठवत होतं. मला आठवतंय – तळव्याखाली पेडलचा शेवट लागलेला, त्याच्या पलीकडे दाबायला जागाच उरली नव्हती, पोटरी ताणलेली, आणि मी मनात म्हणत होते, राहू दे, राहू दे, राहू दे... हे म्हणणारी मीच होते ना? मग त्याच वेळी पाय कुणी उचलला?

या ट्रॅकवर वळणं पुष्कळ, पण माणसासारखी नावं दोघींनाच मिळालेली – धाकटी आणि थोरली. धाकटी नुसती चिडकी. ब्रेक लावला, दोन शिव्या घातल्या की वाट देते. थोरलीचं तसं नव्हतं. ती चढाच्या माथ्यावर बसलेली. पूर्ण वेगात तिथे पोचलं की पुढचा रस्ता नाहीसाच होई. समोर फक्त आकाश. रस्ता दिसायच्या आधीच हातातलं चाक वळवायचं, माथ्यावर गाडी हलकी होते, पोटात खड्डा पडतो, आणि त्या क्षणी... त्या क्षणी काही करायचं नाही. एवढंच अवघड होतं. कारण माथ्यावर पाय उचलला की गाडीचा भार पुढे धावतो, मागची चाकं पोरकी होतात, आणि गाडी स्वतःभोवती फिरत भिंतीकडे निघते. घाबरणाऱ्यालाच ती खाते, असं जुने ड्रायव्हर म्हणत. भीतीला त्यांची ना नव्हती. ती वाटायची तर चढाच्या पायथ्याशी वाटू द्यावी, तिथेच वेग कमी करावा आणि निमूट पुढे जावं. माथ्यावर सुचलेली भीती मात्र भोवते.

दादाला ती भोवली होती, असं लोक म्हणत. दादा म्हणे, टायर फुटला. तो तेव्हा गाडी चालवायचा, आणि ती कुंपणापलीकडे आईचा हात धरून उभी होती. आईने तो हात इतका आवळला होता की दादाआधी तिलाच रडू फुटलं. पुढे मोडलेला पाय जोडला, दादा चालायला लागला, थंडीत किंचित लंगडायलाही लागला, आणि मग गाडीतून उतरून कानात आला – म्हणजे आता हा तिचा इंजिनियर, हेल्मेटमधल्या रेडिओवरून बोलणारा आवाज. घरात भिंगरी हे नाव त्यानेच ठेवलेलं, ती जेवतानाही एका जागी बसायची नाही म्हणून. संघात आल्यावर नावाचा अर्थ फिरला. गाडी गरगरली की मेकॅनिक म्हणत, बघा, नाव सार्थ केलं.

“अर्धवट मात्र नको,” दादा पडदा बंद करत म्हणाला. “पायथ्याशी उचलायचा तर तिथे उचल, कुणी हसणार नाही. माथ्यावर उचलशील तर मला... आईला काय सांगू मी?”

“मला कळत असतं तर मी काय मुद्दाम उचलला असता?”

संध्याकाळी संघाच्या मालकीणबाई ठरवणार होत्या, उद्याच्या शर्यतीत गाडी कुणाला द्यायची – हिला की गुळगुळीतला. गुळगुळीत हा संघातला दुसरा ड्रायव्हर. वळणावरून इतका सफाईने जायचा की त्याचं खरं नाव लोक विसरले होते. माणूसही इतका सरळ की त्याच्यावर धड जळताही येत नसे. सकाळी त्याने तिच्यासाठी पाण्याची बाटली आणून ठेवली होती. थोरलीवर त्याची रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी होती.

दुपारच्या सुट्टीत ट्रॅक बंद झाला तेव्हा ती चालत निघाली. मोकळ्या ट्रॅकवर चालताना नेहमीच जरा लाज वाटते, कुणाच्या शयनगृहात शिरल्यासारखी. चढ चढताना धाप लागली – गाडीत हा चढ पापणी लवण्याएवढा असतो, आणि पायी चांगला घाम काढतो. माथ्यावर आली, थांबली. काहीच नव्हतं. डांबराचा एक उंचवटा, कडेला वाळलेलं गवत, भिंतीवर कुणाकुणाच्या गाड्यांचे रंग खरवडून राहिलेले. पुढचा रस्ता चांगला दिसत होता, निवांत डावीकडे उतरत गेलेला. एखाद्या म्हाताऱ्या बाईने सावकाश वळून बघावं तसा. ही का ती? हिला का मी घाबरते? की... मी घाबरतच नाही, तो घाबरतो – तिने पुन्हा बुटाकडे पाहिलं, आणि स्वतःच्या पायाला आपण ‘तो’ म्हटल्याचं तिच्या लक्षात आलं.

लहानपणी ती झोपेत चालायची. निदान आई तसं सांगायची. सकाळी आई म्हणे, काल पुन्हा स्वयंपाकघरात उभी होतीस, माठाशी. ती म्हणे, मी नाही. आई तिची पावलं उलटी करून दाखवी, तळवे मळलेले. तळव्यांकडे बघताना वाटायचं ते तेव्हा भय नव्हतं, राग होता – की मी झोपलेली असताना ही दोघं मला न विचारता फिरतात, आणि मळ मात्र माझ्या नावावर.

खिशात फोन वाजला. आईच.

“जेवलीस का?”

“जेवते आता.”

“वारा आहे का तिकडे? इथे सुटलाय चांगलाच.” आई कधीही वळणाचं नाव काढत नसे. वाऱ्याचं विचारी, जेवणाचं विचारी, पडद्यांच्या कापडाचं विचारी. “दादा आहे ना जवळ?”

“आहे गं.”

“मग झालं,” आई म्हणाली, आणि तरी फोन ठेवला नाही. मी कुठे उभी आहे हे आईला कळलं असेल का? आईला विचारावं का – मी झोपेत चालायची तेव्हा माझे डोळे उघडे असायचे की मिटलेले? पण आई म्हणाली, “बरं, ठेवते,” आणि प्रश्न तिथेच, डांबरावर, राहिला.

दुपारी पुन्हा गाडीत बसली. पट्टे आवळले गेले, हेल्मेट चढलं, जग एका फटीएवढं झालं. दादा कानात म्हणाला, “टायर तापू देत. घाई नाही.” आवाज नेहमीचाच, कोरडा. पहिल्या फेरीत ती पायथ्याशीच वेग कमी करून गेली, शहाण्या मुलीसारखी. दुसऱ्या फेरीला तिने ठरवलं की ठरवायचं नाही. धाकटी मागे पडली, सरळ रस्ता आला, चढ आला, गाडी नाक वर करून धावू लागली, आणि समोर आकाश – त्यात एक पांढुरका ढग, तो तिला इतका स्पष्ट दिसला की आश्चर्य वाटलं – चाक वळवलं, गाडी हलकी झाली, आणि तेव्हा तिला जाणवलं: उचलला. पाय वर आला. तळव्याखालचा दाब गेला, टाच सरकली, इंजिनाचा आवाज खाली बसला, सगळं, सगळं तिने स्वतः अनुभवलं. आता मागची चाकं सुटणार, म्हणून खांदे आवळून घेतले... आणि चाकं सुटली नाहीत. रस्ता डावीकडे उतरत गेला. ती खाली होती. वाचले, असं वाटलं, आणि त्या वाटण्याच्या पोटातच एक काळी, ओशाळी गोष्ट होती – संपलं आपलं.

“आत येते,” ती रेडिओवर म्हणाली.

गॅरेजमध्ये शिरताना तिने वाक्य तयार ठेवलं होतं. हेल्मेट काढलं आणि कुणाकडे न बघता म्हणून टाकलं: “मला जमत नाही. गुळगुळीतला द्या गाडी.”

मेकॅनिक टाळ्या वाजवत होते. हे तिला जरा उशिरा कळलं. गुळगुळीत स्वतः पुढे आला, तिचा हात हातात घेऊन म्हणाला, “मानलं बुवा!” त्याच्या मागे मालकीणबाई, चष्मा कपाळावर सरकवलेला.

“अगं, जमत नाही काय? रेघ बघितलीस का?”

रेघ सरळ होती. चढ, माथा, उतार – कुठे खळी नाही, सुरकुती नाही.

“मी उचलला,” ती म्हणाली.

“नाही उचललास,” दादा म्हणाला.

“अरे, मला कळलं ना! आवाज बसला इंजिनाचा.”

“आवाज आम्हीही ऐकला. नाही बसला.”

मालकीणबाई हसल्या, त्यांना हा विनय वाटला असावा. “उद्या तूच,” त्या म्हणाल्या. “शेवटची एक फेरी मारून घे, ऊन उतरतंय तोवर. उद्या याच वेळेला शर्यत आहे.” आणि त्या गेल्या, त्यांच्यापुरता प्रश्न सुटला होता.

ती गॅरेजच्या मागे, जिथे रिकामे डबे ठेवतात तिथे जाऊन उभी राहिली. आनंद व्हायला हवा होता. तो कुठेतरी असणारच, पण हाती लागत नव्हता. उलट सकाळपेक्षा भीती जास्त. सकाळी निदान एवढंच होतं, की धाडस वाटलं आणि पायाने दगा दिला. आता तर मी पळून गेले होते, आणि मागे राहून कुणीतरी गाडी नीट खाली आणली. कोण? तिला मी ओळखतही नाही, आणि टाळ्या मात्र मी घ्यायच्या...

दादा मागून आला. लंगडत नव्हता, ऊन होतं.

“दादा, यंत्र चुकत असेल?”

“नाही.”

“म्हणजे मी चुकते.”

तो डब्यावर बसला, गुडघा चोळला. “माझ्या वेळेला टायर फुटला होता,” तो म्हणाला. “तुला माहीतच आहे.”

“हो.”

“मी आवाज ऐकला. अजून ऐकू येतो. मागचा डावा. आणि मग गाडी भिंतीतून काढली तेव्हा...” त्याने गुडघ्यावरचा हात काढला. “चारही टायर चांगले निघाले, भिंगरी. हवा भरलेले. मी स्वतः बोटाने दाबून पाहिले, दवाखान्यातून आल्यावर.”

इतकी वर्षं घरात तो टायर फुटत आला होता. पाहुण्यांना सांगताना आईसुद्धा “टायर फुटला हो” म्हणायची.

“मग तू उचलला होतास?”

“कुणाला विचारू? तेव्हा रेघ नव्हती काढत.” तो कसनुसा हसला. “लोकांना वाटतं पायामुळे मी गाडी सोडली. पाय काय, तो जोडला गेला. मला बसवेना, कारण आत बसून मी जे ऐकतो ते खरंच होतंय का... हे कळायला बाहेर कुणीतरी लागतं.”

“आणि मला?”

“मी आहे ना.”

“तू रेघ बघणार. माझ्या मागाहून.”

“हो,” तो म्हणाला. “मागाहूनच.” मग उठला. “नको असेल तर नको जाऊ. बाईंना मी सांगतो.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणापासून तो सांगे आणि ती मानी. आणि हाच माणूस मनात एक न फुटलेला टायर घेऊन जेवला, झोपला, हिच्या कानात शांतपणे बोलत राहिला. त्याची कीव यावी की त्याचा राग? दोन्ही येऊ पाहत होतं, आणि दोहोंच्या मधून तिसरंच काहीतरी, ज्याला नाव नव्हतं – एकटेपणा थोडा कमी झाल्यासारखं, पण ते सुख म्हणावं असंही नव्हतं.

“जाते,” ती म्हणाली.

“पायथ्याशी उचलणार, की नाहीच?”

“तिथे पोचले की कळेल.” मग वळून निघताना, “किंवा नाही कळणार.”

पट्टे दादाने स्वतः आवळले, नेहमीपेक्षा हळू. त्याची बोटं तिच्या खांद्यापाशी क्षणभर रेंगाळली आणि निघून गेली. गाडी सुरू झाली. आसनातून, पाठीतून, दातांतून थरथर वर चढत आली. ही इंजिनाची किती आणि आपली किती, हे सकाळी असतं तर तिने निवडून पाहिलं असतं, तांदळातून खडे निवडावेत तसं. आता निवडवेना. मघाशी गाडी नीट खाली आणणाऱ्या त्या अनोळखी बाईच्या शेजारी, अरुंद बाकावर, खांद्याला खांदा लागेल अशी आपण बसलोय असं तिला वाटलं, आणि तिच्यासाठी जागा करून द्यावी म्हणून ती आत, आवळलेल्या पट्ट्यांतच, किंचित सरकली.