पाणी कुठे मुरतं

"तिथे वाजवू नका साहेब," एजंट म्हणाला, "गिलावा सुटलाय. अजून एकदा वाजवलंत तर हातात येईल."

चेकरने भिंतीवर टकटक करणारं बोट मागे घेतलं आणि बायकोकडे पाहिलं. ती खिडकीशी उभी राहून बाहेरचं अंगण बघत होती. अंगण कसलं, चार पावलांची जागा आणि एक गंजलेला पंप. पण ती अशी बघत होती, जणू घर घेऊन झालंच होतं.

एजंटचं चालूच होतं. "या कोपऱ्यात पाणी मुरतं. वरच्यांच्या न्हाणीघरातून येतं. वरच्या बाईंना सांगायला जाऊ नका, त्या उलट तुम्हालाच ऐकवतील. स्वयंपाकघरातला नळ उघडला की रेड्यासारखा हंबरतो. मागचं दार थोडं उचलून ढकलावं लागतं, नुसतं ढकललं तर रुसतं. आणि दुपारचं ऊन या खोलीत असं घुसतं की माणूस वाळून निघेल."

"मग चांगलं काय आहे?" चेकरने विचारलं.

एजंटने छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, काखेतली पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली. "मी तर म्हणेन, अजून एक-दोन ठिकाणं बघा."

मागच्या अंधाऱ्या खोलीत जाताना एजंट दारात सहज वाकला. त्याच्यामागून ताठ मानेने निघालेल्या चेकरचं कपाळ चौकटीवर दाणकन आपटलं. "अरेच्चा, हे सांगायचं राहिलं," एजंट कळवळून म्हणाला. न बघताच त्याने दारामागे हात घातला आणि दिवा लावला.

चेकरला सगळे चेकरच म्हणत. नातेवाईक, शेजारी, दुकानदार, सगळे. उभा जन्म त्याने बसमध्ये तिकिटं तपासण्यात घालवला होता. तो गाडीत चढला की मधल्या रांगेतल्या गप्पा आपोआप थांबत आणि खरं तिकीट असलेली माणसंसुद्धा उगाच खिसे चाचपू लागत. घरीही हा स्वभाव उतरला नव्हता. दूधवाल्याचं माप, डॉक्टरांचा वजनकाटा, शेजाऱ्यांचं आजारपण, कशावरही त्याचा चटकन विश्वास बसत नसे. आजवर घरं दाखवणारे एजंट भेटले ते त्याला आपलेच वाटले. एकाने 'स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणून एवढं चालवलं की मध्ये दोनदा बसून पाणी प्यावं लागलं. दुसऱ्याने 'बागेचं दृश्य' म्हणून खिडकीतून शेजाऱ्याची कुंडी दाखवली. खोटं बोलणारा माणूस चेकरच्या ओळखीचा होता. त्याच्याशी कसं वागायचं हे त्याला ठाऊक होतं.

हा प्राणी मात्र नवीन होता.

घरी परतताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर बायको थांबत होती आणि पिशवीत काहीतरी शोधत असल्याचं नाटक करत होती. तिचे गुडघे गेले होते आणि त्यांची भाड्याची जागा सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. तिचं हे नाटक चेकरला रोज दिसे. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याने तपासली नव्हती. तोही कठड्याला हात लावून, आपण दमलो असल्याचं दाखवत थांबे.

"माणूस लबाड आहे," वर पोचल्यावर तो म्हणाला.

"का? खरं बोलला म्हणून?"

"अगं, न मागता तिकीट पुढे करतो ना, तो प्रवासी दोनदा बघायचा असतो. स्वतःच्या पोटावर पाय देऊन कोण बोलतं? त्याचं दुसरं गिऱ्हाईक ठरलंय. आपल्याला पळवून लावतोय."

"मग दाखवलं कशाला?"

चेकरने चहा मागितला.

बायको चहा टाकता टाकता म्हणाली, "तळमजला आहे. शाळा जवळ आहे, पोरांचा आवाज येत राहील. आणि स्वतःच्या भिंतीत एक खिळा मला कुणाला न विचारता ठोकायचाय. एवढंच म्हणणं आहे माझं. बाकी तुम्ही तपासा."

चेकरने तपास सुरू केला. मेव्हण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, त्याने खोटं गिऱ्हाईक बनवून पाठवलं. मेव्हण्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि बोलायला तोंड भलतंच मोकळं. "जास्त काही बोलू नकोस," चेकरने बजावलं, "फक्त त्याला काय म्हणायचंय ते ऐकून घे. माझं नाव काढायचं नाही."

संध्याकाळी मेव्हणा परतला तो खुशीत.

"भाऊजी, देवमाणूस! मी म्हटलं, मी जहाजावर कप्तान आहे—"

"कप्तान? तुला कुणी सांगितलं कप्तान व्हायला?"

"ओघात आलं हो. तर म्हणतो कसा, कप्तानसाहेब, तुम्हाला पाण्याची सवय असेल, पण हे भिंतीतलं पाणी वेगळं. ढेकणांचंसुद्धा सांगितलं त्याने."

"ढेकूण? आम्हाला ढेकणांचं नाही सांगितलं!"

"होते म्हणाला, आता नाहीत. आणि ऐका, शेवटी म्हणाला, एक वयस्कर जोडपं येऊन गेलंय. त्यातल्या बाई खिडकीशी फार वेळ उभ्या होत्या. त्यांनी नाही म्हटलं तरच तुमचा विचार करू."

बायकोने पटकन मान फिरवली. चेकरने मांडीवर थाप मारली. "बघ! त्याला कळलं हा आपला माणूस आहे. पक्का मुरलेला आहे."

"मी वयस्कर दिसते का रे?" बायकोने भावाला विचारलं. पण या मुद्द्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मग चेकर स्वतः त्या वरच्या बाईंकडे गेला. घराविषयी दोन गोष्टी विचाराव्यात, एवढाच हेतू. दार उघडून बाईंनी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या न्हाणीघरातून काहीही गळत नाही!" आणि दार लावून घेतलं. चेकर जिना उतरला तो जास्तच अस्वस्थ होऊन. एजंटचा हाही शब्द खरा निघाला होता.

रात्री जेवताना त्याने निष्कर्ष मांडला. "त्या मागच्या खोलीत दिवा कुठे आहे हे त्याला न बघता माहीत होतं. तुझ्या लक्षात आलं? चौकटीखाली तो न बघता वाकला. म्हणजे काय? म्हणजे इतक्या लोकांना ते घर दाखवून झालंय की त्याचा हात बसलाय. आणि इतक्या लोकांतून एकानेही घेतलं नाही. का? एक तर कोर्टात अडकलेलं असणार, नाहीतर कुणीतरी तिथे गळफास घेतलेला असणार."

बायकोने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मग म्हणाली, "उद्या परत जाऊ. विचारते मी."

"असं विचारून कुणी सांगतं होय?"

"तुम्ही गप्प बसायचं."

दुसऱ्या दिवशी एजंट आधीच येऊन थांबला होता. त्यांना बघून त्याचा चेहरा पडला. "परत आलात?" तो म्हणाला. गिऱ्हाईक परत आल्याचं इतकं दुःख झालेला एजंट चेकरने पहिल्यांदाच पाहिला. त्याने बायकोकडे अर्थपूर्ण नजर टाकली. तिने ती घेतलीच नाही.

"वहिनी, ढेकणांचं सांगायचं राहिलं होतं त्या दिवशी—"

"कळलं आम्हाला," ती म्हणाली. "मला एक सांगा. तुमची आई कुठल्या खोलीत असायची?"

एजंट उभा होता तसाच राहिला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"त्या मागच्या," तो शेवटी म्हणाला. "शेवटी शेवटी तिला उजेड सहन होत नव्हता."

चेकरने तोंड उघडलं. बायकोने त्याच्या पायावर पाय ठेवला. त्याने ते मिटलं.

मग एजंट बोलत गेला. घर आईच्या नावावर होतं. ती गेल्यावर भाऊ आणि बहीण म्हणाले, विकून टाकू आणि वाटून घेऊ. दोघं लांब राहतात, त्यांचंही चूक नाही. घरातच एजंट असताना बाहेर कशाला जायचं, असं भाऊ म्हणाला. रिकामं घर लवकर जातं असं बहीण म्हणाली, म्हणून तो दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहायला गेला. तेव्हापासून गिऱ्हाइकं येत होती आणि जात होती.

"भाऊ फोन करून विचारतो, एवढा वेळ का लागतोय? मी म्हणतो, बाजार मंदा आहे." त्याने कपाळ पुसलं. "तुम्हाला म्हणून सांगतो वहिनी, या धंद्यात सगळे खोटं बोलतात. मला ते कधी जमलं नाही. पण इथे तर नुसतं खरं बोलूनच माझं काम होत होतं."

"म्हणजे लपवत होतात!" चेकरला राहवेना. "मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, कुठेतरी पाणी मुरतंय!"

"सांगितलं की साहेब, त्या कोपऱ्यात."

बायको हसली. मग एजंटही हसला, आणि हसता हसताच त्याने तोंड भिंतीकडे केलं. चेकरला काय करावं ते सुचेना. बिनतिकिटाचा प्रवासी पकडला की पुढे काय करायचं याचा त्याला नियम माहीत होता. पण हा माणूस स्वतःच्याच घरात पकडला गेला होता. त्याने घसा साफ केला.

"हे बघा," तो म्हणाला, "दोष सगळे सांगून झालेत. आता एक तरी चांगलं सांगा. नियमाने दोन्ही बाजू यायला पाहिजेत."

एजंट त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेला. त्या घराचं चांगलं मोठ्याने बोलायची त्याला सवयच राहिली नव्हती. "थंडीत," तो म्हणाला, "सकाळचं ऊन स्वयंपाकघरात इथपर्यंत येतं." त्याने पायाने फरशीवर रेघ दाखवली. "आई इथे बसून निवडटिपण करायची. पाठ शेकत. आम्ही तिघं भावंडं त्या उन्हाच्या तुकड्यासाठी भांडायचो. आणि शाळेची घंटा इथे ऐकू येते. घंटा झाली की निघायचं, प्रार्थनेला पोचायचं. कधी उशीर नाही झाला." तो थांबला. "आणि दार उचलून ढकलावं लागतं ना, ते बरं असतं. घरातलं कोण आलं आणि परकं कोण आलं, ते आवाजावरून आत कळतं."

"आता हे खरं कशावरून?" चेकर म्हणाला, पण फार हळू. बायकोने त्याला काही चिमटा वगैरे काढला नाही.

"तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही दुसरं बघू," ती एजंटला म्हणाली. "खरंच."

एजंटने मान हलवली. "आज ना उद्या कुणीतरी घेणारच. मला किती दिवस ढेकूण पुरणार? तुम्ही घ्या."

पुढचे सोपस्कार झाले. सही करताना एजंटचा भाऊ आणि बहीण आले होते. भाऊ सारखा घड्याळ बघत होता. बहीण मात्र जायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच उभी राहून आली. कागद चेकरने इतके उलटेपालटे करून वाचले की शेवटी वकिलालाच आपल्या कामाची शंका आली.

राहायला आल्यावर चेकरने एकेक गोष्ट ताडून पाहिली. नळ हंबरला. दार रुसलं. वरच्या बाई भांडल्या, अगदी सांगितलं होतं तितक्याच. दर वेळी चेकर समाधानाने मान हलवी, जणू एकेक तिकीट बरोबर निघत होतं. "पट्ठ्या एका शब्दाला चुकला नाही," तो मेव्हण्याला सांगे. मेव्हणा शेजाऱ्यांत 'कप्तान' म्हणूनच ओळखला जाऊ लागला होता आणि त्याने ते खोडून काढलं नव्हतं.

थंडी पडली तशी एका सकाळी बेल वाजली. दारात एजंट. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदाच्या पुडीत थोडी फळं. "जवळच काम होतं," तो म्हणाला, "म्हटलं मोरीचं पाणी तुंबत नाही ना, विचारून जावं. तेवढं सांगायचं राहिलं होतं."

"आत या की," बायको म्हणाली. "बेल कसली वाजवता?"

तो आत आला. भिंतीला नवा रंग होता. जिथे कपाट होतं तिथे पलंग होता, जिथे पलंग होता तिथे शिवणयंत्र. स्वयंपाकघराच्या दारात ऊन पडलं होतं आणि त्यात चेकर पेपर वाचत बसला होता. एजंट खोलीच्या मधोमध उभा राहिला. फळांची पुडी त्याने दोन्ही हातांत धरली होती.

"कुठे बसू?" त्याने विचारलं.

चेकरने पेपरची घडी घातली, उठला, आणि आपली खुर्ची तिथेच उन्हात ठेवून बाजूला झाला.