भिंतीवरची गिटार

लम्फ्रांगने ताटातला शेवटचा जादोह, मांस घालून शिजवलेला भात, निपटला, बोटं चाटली आणि नेहमीच्या सवयीने हात पुढे केला. नेमकं तेव्हाच खानावळीच्या मालकिणीने, कॉंग म्हणजे ताई रिदालिनने, क्वायची ताटली त्याच्यापुढून उचलली आणि पलीकडे बसलेल्या टॅक्सीवाल्यासमोर नेऊन ठेवली.

"अगं रिदा, मला?"

"तुला नाही."

"संपली का?"

"भरपूर आहे. तुला नाही."

खानावळीतले चमचे थांबले. शिलाँगमध्ये माणसाला शिवी दिली तर तो उलट शिवी देतो आणि विषय मिटतो. पण जेवणानंतरची क्वाय, म्हणजे ओली सुपारी आणि चुना लावलेलं पान, एवढीशी गोष्ट नाकारली तर त्याला उत्तरच नसतं. दारात आलेल्या अनोळखी माणसालाही ती मिळते. कुणी वारलं तर आम्ही म्हणतो, देवाच्या दारी क्वाय खायला गेला. आणि इथे पोलीस बाजारातल्या वाद्यांच्या दुकानाचा मालक लम्फ्रांग, सगळ्यांचा बाह म्हणजे दादा, चांगला जिवंत, पोटभर जेवलेला, हात पसरून बसला होता आणि हात रिकामा होता.

तो मोठ्याने हसला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच हसला. "अजून त्या गिटारीचं डोक्यात आहे होय? रिदा, कान म्हातारे होतात गं. माझेही होतील. त्यात दुकानदाराचा काय दोष?"

कॉंग रिदालिनने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, ते जरा जोरातच ठेवलं गेलं.

मावखारच्या चढावरची ही खानावळ तिच्या आईची. रिदालिन घरातली धाकटी, म्हणून आमच्या रीतीप्रमाणे घर, चूल आणि आई, तिन्ही तिच्या वाट्याला आली. लोक म्हणायचे, नशीबवान आहे, बसल्या जागी घर मिळालं. भाऊ बंगळूरला गेले, मैत्रिणी लग्न करून पांगल्या, आणि रिदालिन बसल्या जागी बसून राहिली. त्याआधी, एकोणिसाव्या वर्षी, ती चार मुलींच्या बँडमध्ये लीड गिटार वाजवायची. गिटार मामाची होती. मामाची कोहिमाला बदली झाली, त्याच्याबरोबर गिटारही गेली. त्या बँडचं एकच गाणं लोकांच्या लक्षात राहिलं होतं, आणि त्यातही शेवटी रिदालिन एकटी वाजवायची तो तुकडा. बोटं गळ्यावरून वर वर चढत जायची आणि अगदी वरच्या टोकाला एक सूर ताणून धरायची. तो ऐकताना पोरं शिट्ट्या विसरायची.

गेल्या वर्षी आई गेली. दुखवटा आवरल्यावर रिदालिनने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची म्हणून एक गोष्ट घेतली. लाल रंगाची, कोरी करकरीत इलेक्ट्रिक गिटार.

ती लम्फ्रांगच्या दुकानातून घेतली. लम्फ्रांग जुना मित्र, त्या वेळच्या प्रत्येक बँडच्या मागे पुढे असायचा. त्याने गिटार हातात द्यायच्या आधी क्वाय पुढे केली आणि रिदालिनने ती खाल्ली. तिथेच ती फसली. तिच्या आईची शिकवण होती की ज्याची क्वाय तोंडात आहे त्याचा माल तपासायचा नाही; त्याच्याच घरात बसून त्याला चोर म्हटल्यासारखं होतं. रिदालिनने खालचे दोन सूर छेडले, छान म्हणाली आणि गिटार पाठीला लावून चढ चढून घरी आली.

घरी वाजवली तर खालचे सूर बरे. वर जावं तसतसा सूर चढा लागत होता, अगदी टोकाला तर अंगावर काटा यायचा. ती गिटार घेऊन परत दुकानात गेली. लम्फ्रांगने तारा जुळवल्या, स्वतः खालच्या खाली चार सूर वाजवून दाखवले आणि गिटार परत दिली.

"गिटार सोन्यासारखी आहे, रिदा. इतकी वर्षं भाताच्या वाफेत उभी आहेस, कानात वाफ गेली असेल. सराव कर, येईल."

आणि तिने त्याचं ऐकलं. आपलेच कान गेले, आपलीच बोटं जड झाली असं स्वतःला सांगत राहिली. बाईमाणसाला आपली चूक पटवून द्यायला फार वेळ लागत नाही. लहानपणापासूनचा सराव असतो.

मग मोहल्ल्याचा हिवाळी कार्यक्रम आला. दोरबारच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या पंचायतीच्या, मंडळींनी मोठ्या कौतुकाने तिचं नाव घातलं होतं. स्पीकर लम्फ्रांगचे, माइक त्याच्या हातात. तिने तेच जुनं गाणं सुरू केलं. शेवटचा तुकडा आला, बोटं वर चढली आणि सगळं मैदान ऐकत असताना सूर फाटला. तिने पुन्हा धरला, पुन्हा फाटला. पुढच्या रांगेतल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. लम्फ्रांगने माइक तोंडाशी नेला.

"टाळ्या वाजवा, टाळ्या! आमची कॉंग जादोह मात्र सुरात शिजवते हं!"

मैदान हसलं. रिदालिनही हसली. त्या हसण्याची तिला नंतर सगळ्यात जास्त चीड आली.

त्यानंतर तिने गिटारीला हात लावला नाही. पण एका सकाळी भात शिजत असताना तिची नजर गिटारीकडे गेली. मामा एक गोष्ट शिकवून गेला होता. तारेच्या खुंट्यांकडच्या वरच्या टोकापासून गळ्यावरच्या बाराव्या पट्टीपर्यंत, म्हणजे फ्रेटपर्यंत, जितकं अंतर, तितकंच तिथून तारा जिथे टेकतात त्या खालच्या ब्रिजपर्यंत हवं. तिने खांद्यावर बांधलेल्या चौकड्यांच्या ओढणीची, जैनकिर्शाहची, दोरी सोडली, वरचं अंतर मापलं, बोटांच्या चिमटीत धरलं आणि दोरी खाली लावली. दोरी ब्रिजच्या पुढे गेली. चांगली बोटभर पुढे. कारखान्यातच ब्रिज चुकीच्या जागी ठोकला होता. स्क्रू कितीही पिळले असते तरी ती गिटार वरच्या सुरांना जन्मात खरी वाजली नसती.

आधी तिला रडू आलं, सुखाचं. कान शाबूत होते. मग पातेल्याच्या तळाशी भात लागल्याचा वास आला आणि त्या वासाबरोबर राग आला.

ती तशीच, दोरी मुठीत धरून पोलीस बाजारात गेली. लम्फ्रांग मागे गोदामात होता. भिंतीवर त्याच लाल गिटारी ओळीने टांगल्या होत्या. तिने एकीला दोरी लावली, मग दुसरीला, मग तिसरीला. सगळ्या तेवढ्याच चुकीच्या.

लम्फ्रांग बाहेर आला, त्याने दोरी पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात आलं नाही. तिथे तिला सगळं कळलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हळू बोल गं, गिऱ्हाईक आहे." त्याने आवाज खाली आणला. "कारखान्याने सगळी खोकी तशीच पाठवली. परत घेत नाहीत. मी काय करू? शिकाऊ पोरं घेतात, खालीखालीच वाजवतात, त्यांना काय कळतंय? आणि खरं सांगू का, तूही आता खालीच वाजव. या वयात वर कशाला जातेस?"

रिदालिन भांडली नाही. तिने दोरी पुन्हा खांद्यावर बांधली आणि चढ चढून परत आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्याच्यापुढून क्वायची ताटली उचलली. ती नुसती सुरुवात होती.

तिच्या खानावळीत शिलाँगचं निम्मं संगीत जेवतं. हॉटेलांत वाजवणारे, चर्चच्या कॉयरवाले, कॉलेजातले केस वाढवलेले. रिदालिनने तांदळाच्या पोत्यांवरच्या फळीवर छोटा अँप्लिफायर ठेवला आणि वर, सगळ्यांना दिसेल अशा खिळ्याला, लाल गिटार टांगली. तारा रोज नीट जुळवायची. तोंडाने मात्र एक अक्षर बोलायची नाही.

गिटार दिसली आणि हात शिवशिवले नाहीत असा माणूस आमच्या गावात नाही. पहिला आला बाह स्टॉर्गी, गावातला जुना ब्लूजवाला. दुहनेइओंगची, काळ्या तिळातल्या डुकराच्या मटणाची, वाट पाहता पाहता त्याने ती काढली, खाली जरा फिरला, वर गेला आणि दात आंबल्यासारखं तोंड केलं.

"अरे देवा! कॉंग, हे काय पाळलंय?"

"गिटार आहे."

"कुठून आणली?"

"लम्फ्रांगकडून. माझे कान खराब आहेत म्हणाला तो. तुझे कसे आहेत?"

स्टॉर्गीने ती पुन्हा वाजवली, कान जवळ नेऊन. मग असा हसला की त्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन आला. पंधरवड्यात तो खेळच झाला. जेवायला येणारा प्रत्येक जण ती काढायचा, वरचा तुकडा वाजवायचा, बाकीचे कानांवर हात ठेवायचे. एके दिवशी हॉटेलात वाजवणारा एक जण भात कालवत म्हणाला, "काल आमचा बास गिटारवाला पिऊन आला होता. सगळा कार्यक्रम लम्फ्रांग झाला."

खानावळ हसून फुटली. रिदालिन पाठ करून मांस कापत होती; तिचे खांदे हलत होते.

शब्द चढावरून खाली उतरला. बेसूर म्हणजे लम्फ्रांग. चर्चमध्ये कॉयरमास्तर म्हणू लागले, "टेनर गाणाऱ्यांनो, लम्फ्रांग होऊ नका." शाळेतली पोरं प्रार्थना चुकली की एकमेकांना तेच म्हणायची. लाल गिटारी दुकानाच्या भिंतीवर तशाच राहिल्या आणि मग बाकीची वाद्यंही विकली जायची थांबली. रिदालिन संध्याकाळी भांडी घासताना तो शब्द स्वतःशी पुटपुटायची, आणि तो तिला मामाच्या गिटारीवरच्या टोकाच्या सुराइतका गोड लागायचा.

एका सकाळी लम्फ्रांगची थोरली बहीण, कॉंग दारिशा, आली. भावाची लाज ही बहिणीच्या घराण्याची लाज. ती बाकावर बसली, पिशवीतून स्वतःची क्वाय काढली आणि रिदालिनपुढे धरली.

"माझ्या नातीला शाळेत चिडवतात. घे ही, आणि गिटार उतरव."

रिदालिनने हात पदराखालीच ठेवले. "त्याने माइकवर म्हटलं होतं, कॉंग."

"माहीत आहे."

"मग त्यानेच येऊन म्हणू दे. इथे, भर जेवणाच्या वेळी. गिटार खराब होती, रिदालिनचे कान खराब नव्हते, एवढंच. मग उतरवते."

कॉंग दारिशाने क्वाय परत पिशवीत ठेवली. "तुझी आई इतकी कडक नव्हती."

"आईला कुणी वाजवताना हसलं नव्हतं."

तो शनिवारी आला, खांद्याला काळी पिशवी लावून. सगळे बाक भरले होते. तो दारातच उभा राहिला. "ती गिटार खराब होती," तो म्हणाला. "मला माहीत होतं. रिदाचे कान चांगले आहेत."

"जोरात," रिदालिन म्हणाली. "माइकवर होतास तेव्हा आवाज खणखणीत होता."

त्याने पुन्हा म्हटलं. मान ताठ ठेवायचा प्रयत्न केला, पण ती राहिली नाही. कुणी हसलं नाही. त्याने काळी पिशवी पोत्यांना टेकवली. "ही माझी स्वतःची आहे. मी मापून बघितली, तूही बघ." आणि तो न जेवता गेला.

रिदालिनने शब्द पाळला. स्टुलावर चढून लाल गिटार उतरवली. स्टॉर्गीने टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी ताटं वाजवली. एवढा आनंद तिला आई गेल्यापासून झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याआधीही फारसा झाला नव्हता.

तिसऱ्या प्रहरी खानावळ रिकामी झाल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि काळी पिशवी उघडली. दोरी लावून पाहिली. अंतर चोख होतं. तिने तारा जुळवल्या, अँप्लिफायर लावला आणि तो तुकडा सुरू केला.

गिटार खरंच चांगली होती. खालचे सूर मधासारखे उतरले. मग बोटं वर चढू लागली आणि मध्येच अडली. करंगळी वेळेवर पोचली नाही. तिने पुन्हा सुरुवात केली, हळू. टोकाचा सूर तिने धरला, ताणला, आणि तो पुरेसा ताणला गेला नाही. थोडा खालीच राहिला. कानांनी तिला ते स्वच्छ सांगितलं, कारण कान शाबूत होते. तिने तो किती वेळा वाजवून पाहिला ते तिने मोजलं नाही. प्रत्येक वेळी गिटार खरी होती.

शेवटी तिने गिटार पिशवीत घातली आणि उद्याचे तांदूळ निवडायला घेतले.

सोमवारी स्टॉर्गीने विचारलं, "कॉंग, नवी कशी आहे?"

"चांगली आहे."

"आणि ती लम्फ्रांग गिटार कुठे टाकली?"

"गिटार वाईट होती तर वाईट म्हण," ती म्हणाली. "माणसाचं नाव कशाला घेतोस?"

स्टॉर्गी बघतच राहिला. हा शब्द ज्या भिंतीखाली जन्मला, तिथेच त्याला बंदी आली होती. त्याने विचारायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा पाहून त्यात घास घातला.

लम्फ्रांग गुरुवारी आला. नेहमीच्या बाकावर न बसता दाराजवळच्या बाकावर बसला, खाली मान घालून जेवला आणि हात पुढे न करताच उठला.

रिदालिनने ताटली त्याच्यापुढे ठेवली. त्याने सुपारीची फोड उचलली, पान घेतलं, तोंडात टाकलं.

"बोटं चालतात का?" त्याने हळूच विचारलं. या वेळी कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हतं.

"चुना जास्त झालाय का?" रिदालिनने विचारलं.

तो थोडा वेळ चघळत राहिला. "नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."

तिने हळदीने पिवळी झालेली बोटं जैनकिर्शाहला पुसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं ताट वाढायला घेतलं.