तेलाचा हात

सात नंबरच्या लेथ मशीनचा चक, म्हणजे लोखंडाचा तुकडा धरणारी गोल चकती, टर्नरने दोन्ही हातांनी धरून फिरवला. आधी तो अडला, मग कुरकुरत एक फेरा पूर्ण झाला. कारखान्याची वीज तोडून सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून चक हातानेच फिरवावा लागे, नाहीतर बेअरिंग जाम व्हायचं. दहा फेरे झाल्यावर त्याने चिंधीने मशीनचा लांब बेड पुसला, वरून तेलाचा हात फिरवला आणि तो आठ नंबरकडे वळला. एकूण अकरा मशीनं होती. टर्नर म्हणून तो स्वतः कामाला होता फक्त सात नंबरवर. बाकीचे कारागीर केव्हाच पोटामागे पांगले होते. एक भाजी विकत होता, एक जावयाकडे राहायला गेला होता आणि त्याबद्दल कुणाशी बोलत नव्हता.

मंदी आली तेव्हा मॅनेजरसाहेब म्हणाले होते, सहा महिने कळ काढा. ते खोटं बोलले नसावेत. त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची सहा झाली. दुकानं पुन्हा भरली, रस्त्यावर नव्या गाड्या आल्या, पण कारखान्याच्या फाटकाला त्याची गंधवार्ता नव्हती. टर्नरने दुसरीकडे विचारून पाहिलं नाही असं नाही. पहिल्या वर्षी म्हणायचे, जागा नाही. आता जागा निघाल्या होत्या, तर म्हणायचे, तुमचा हात इतकी वर्षं बंद आहे. तेव्हा उरला हाच कारखाना. तो उघडेल त्या दिवशी मशीनं तयार दिसली की साहेब पहिलं बोलावणं आपल्यालाच धाडतील, या भरवशावर तो दर शनिवारी इथे येत होता.

"पेपरात आलंय, मंदी संपली," वॉचमन दारातून म्हणाला. फाटकाची किल्ली आणि शिळा पेपर, एवढाच त्याचा कारभार.

"कुणाची?"

"ते लिहिलेलं नाही." वॉचमन हसला. मग जवळ येऊन म्हणाला, "सोमवारी साहेब येतायत. बरोबर कुणी मोठे गृहस्थ आहेत. एका दिवसासाठी वीज जोडणार, मशीनं चालवून बघायची आहेत. तुम्हाला बोलावलंय."

टर्नरने आठ नंबर पुन्हा एकदा पुसलं.

घरी बायको नुकतीच आली होती. ती एका इस्पितळाच्या धुलाईत कामाला होती आणि घर तिच्याच जिवावर चाललं होतं.

"पाजलंत सवतीला तेल?" तिचा दर शनिवारचा ठरलेला प्रश्न.

"सोमवारी चालू होतायत मशीनं. मला बोलावलंय."

स्टुलावर चढून तिने वरच्या फळीवरून त्याचा जुना डबा काढला, आणि एकदा घासून झाल्यावर पुन्हा घासला.

सोमवारी साहेबांबरोबर आलेले गृहस्थ एकेका मशीनवरून बोट फिरवून ते उजेडात धरून बघत होते.

"सहा वर्षं बंद म्हणता? गंजाचा ठिपका नाही कुठे."

"आमचा जुना माणूस आहे," साहेब म्हणाले. टर्नरला बरं वाटलं.

"एक जॉब काढून दाखवा," लोखंडाचा तुकडा पुढे करत गृहस्थ म्हणाले.

त्याने सात नंबर चालू केलं. टूल बांधत असताना मागून साहेबांचं आणि गृहस्थांचं बोलणं कानावर पडत होतं.

"मग अकराही नेताय ना?"

"नेतो. बंद कारखान्यातली मशीनं मी सहसा बघतही नाही, सडलेली असतात. ही पुढच्या आठवड्यात माझ्याकडे चालू होतील. माझी माणसं आहेतच."

टर्नरचा हात हँडलवर थांबला. काप जरा जास्त खोल दिला असता तर जॉब थरथरला असता, मशीनच सदोष वाटून गृहस्थांच्या कपाळावर आठी पडली असती आणि मशीनं इथेच राहिली असती. हे त्याला कळत होतं. सहा वर्षांत एवढं असहाय त्याला कधी वाटलं नव्हतं, फाटकाला कुलूप लागलं त्या दिवशीही नाही. पण हाताला वाईट काम करणं जमेना. हाताने नेहमीएवढाच काप घेतला. गृहस्थांनी जॉब मोजला, पुन्हा मोजला, आणि साहेबांकडे बघून मान डोलावली.

"मशीनं खोलून गाडीत चढवायला जाणकार लागेल," जाताना ते टर्नरला म्हणाले. "दोन दिवसांचं काम आहे. येता?"

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. तिने त्याच्या हातातला डबा घेतला. तो न उघडलेलाच होता.

"लागलं काम?"

"लागलं. उद्या डबा दे. परवाही."

"आणि पुढे?"

तो मोरीत जाऊन हात घासू लागला. नखांतलं तेल निघता निघेना.

"शनिवारी मी घरीच आहे," तो म्हणाला.