ओल्या फडक्याचा पारा

माझा स्वभाव तिखट आहे, कबूल. हवामानाच्या पेटीला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नाही. काल संध्याकाळी धाकटा भाऊ तिथे घुटमळताना दिसला आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुझी काडेपेटी तू सांभाळ, माझी पेटी मी सांभाळते. पुन्हा हात लावलास तर याद राख."

"बरं बाई, राहिलं," म्हणून तो हसत निघून गेला.

पेटीत दोन पारे, म्हणजे तापमापक. एक उघडा, दुसऱ्याला फडकं गुंडाळलेलं, फडक्याचं टोक पाण्याच्या वाटीत. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि तो पारा खाली उतरतो. दोन्ही सारखे दिसले तर हवा दमट. त्यावरून मी रोज सकाळी आमच्या वनचौकीच्या फाटकावर वणव्याच्या धोक्याची पाटी लावते. पाटी हिरवी असेल तरच भावाची टोळी जंगलाच्या कडेचं वाळलं गवत मुद्दाम जाळते, म्हणजे पुढेमागे वणवा आलाच तर तिथे अडतो.

आज सकाळी दोन्ही पारे जवळपास सारखे होते. मी हिरवी पाटी लावली. भाऊ चार माणसं घेऊन निघाला. ट्रकमधून म्हणाला, "आता तरी हसा, बाईसाहेब." मी तोंड फिरवलं.

दुपारच्या नोंदीला पेटी उघडली. पारे अजून सारखेच. पण वारा सुटला होता आणि माझे ओठ फुटायला आले होते. दमट हवेत ओठ कशाला फुटतील? मी फडक्याला बोट लावलं. कोरडं ठणठणीत. वाटीत थेंब नव्हता. सकाळी मी दोन कोरडे पारे वाचले होते, आणि 'धोका कमी' लिहून मोकळी झाले होते.

धावत वायरलेसपाशी गेले. "परत फिर. पाटी चुकली. माझं चुकलं."

"काडी कधीच लागली, ताई. वारा उलटा फिरलाय, आग आमच्याकडे येतेय." तो धापा टाकत होता. मग म्हणाला, "वाटी कोरडी होती ना?"

"तुला कसं कळलं?"

"तुझ्या कुठे लक्षात राहतं? रोज संध्याकाळी मीच भरायचो. काल तू..."

पुढे नुसती खरखर. मी हाका मारत राहिले. खिडकीतून दिसणारा धूर पांढऱ्याचा काळा झाला. फाटकावर जाऊन पाटी लाल केली. बैल गेला आणि झोपा केला. घाईत पाटी दोनदा पडली. माझ्या तोंडामुळे माझा भाऊ जळणार, एवढंच डोक्यात होतं.

चारच्या सुमारास ट्रक आला. मी माणसं मोजली. चार उतरली. पाचवा तो, दोघांच्या आधाराने. मागे राहिलेल्या एकाला त्याने पेटत्या गवतातून ओढून काढलं होतं. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत ओलं फडकं गुंडाळलेलं होतं.

डॉक्टर यायला वेळ होता. मी त्याला बाकावर बसवलं. तो पेटीकडे बघत म्हणाला, "वाटी भरलीस का?"

नव्हती भरली. मी मगभर पाणी आणलं आणि त्याच्या हातांवर ओतलं. फडकं बघता बघता वाळत होतं. मी पुन्हा पाणी आणायला गेले.