आवाज सतराव्या रांगेत पोचत नाही

“तुला काही ऐकू येतंय का गं? मला तर नुसते हात हलताना दिसतायत.”

“हळू बोल. पुढे सगळे मोठे लोक बसलेत. चांगलंच चाललं असणार.”

मित्रांनो, माझ्या पहिल्याच कार्यक्रमात सतराव्या रांगेतल्या दोन जावांचे हे बोलणे मी ऐकले. दोघींनी शेवटी उभ्या राहून सर्वांबरोबर टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून बोचतात.

मी एक जुने संगीत-सभागृह आहे. शहराच्या कलासंकुलात माझ्या डाव्या हाताला चित्रांचे दालन आहे, उजव्या हाताला वाचनालय आणि मध्ये एक भलामोठा उघडा चौक. तिथे वारा सुटला की माणसे आपापले कागद धरायला पळतात. आम्ही सगळे उघड्या काँक्रीटचे. ज्या लाकडी साच्यांत आम्हाला ओतले, त्यांच्या रेषा अजून आमच्या अंगावर आहेत. मुले त्यांवरून बोट फिरवत जातात, ते मला आवडते. मोठी माणसे मात्र पहिली काही वर्षे एकमेकांना विचारत, “गिलावा कधी करणार म्हणे?”

माझा जन्म मोठ्या हौसेने झाला. ज्या वास्तुरचनाकारांनी मला कागदावर काढले, त्यांना सगळे नुसते ‘साहेब’ म्हणत. त्यांनी माझ्या मंचावर वाकवलेल्या लाकडाचे नऊ मोठे तक्ते तारांनी टांगले होते. वाद्यांचा आवाज वर जाऊन हरवू नये, त्यांच्यावर आपटून लोकांकडे परत यावा, एवढेच त्यांचे काम. मंचाच्या कडेला एक चाक होते. ते फिरवले की तक्ते वर-खाली होत. ते चाक सांभाळायला एक तरुण मिस्त्री नेमला होता, नुकताच लग्न झालेला आणि सगळ्यांना ‘हो जी’ म्हणणारा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी एका मासिकाचा छायाचित्रकार आला. छताची नक्षी तक्त्यांआड झाकली जात होती. साहेब म्हणाले, “मिस्त्री, घ्या वर. छत दिसू द्या.” मिस्त्रीने घाम फुटेपर्यंत चाक फिरवले. फोटो अप्रतिम आला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री तक्ते खाली घ्यायला निघाला, तर साहेब खुर्चीत बसून वर बघत होते. “राहू द्या. असंच सुंदर दिसतंय.”

“पण साहेब, नकाशात तर...”

साहेब उठून पाहुण्यांच्या स्वागताला निघाले. मिस्त्रीने चाकावर फडके टाकले.

तो फोटो कॅलेंडरवर आला, पाठ्यपुस्तकात आला, माझ्याच दारात चौकटीत लागला. लांबून लांबून लोक मला बघायला येत. मित्रांनो, बघायला येत. ऐकायला आलेले मात्र बाराव्या रांगेच्या मागे बसले की माना पुढे काढत, आणि मध्यंतरात एकमेकांना म्हणत, “काय भव्य आहे, नाही?” एवढ्या नावाजलेल्या वास्तूला नावे ठेवायची कुणी?

मग नावे वाजवणाऱ्यांना ठेवली गेली.

माझ्या वाद्यवृंदात एक तरुण व्हायोलिनवाली होती. लहानखुरी, सतत कामात, म्हणून सगळे तिला ‘मुंगी’ म्हणत. रंगपटातल्या छोट्याशा खोलीत ती वाजवायची, तेव्हा झाडणाऱ्या बाई केरसुणी टेकवून उभ्या राहत. तीच मुंगी मंचावर आली की संचालक मागच्या रांगेतून ओरडत, “पोचत नाही! हात हलका पडतोय तुझा, जोर लाव!” तिने जोर लावला. हनुवटीखाली घट्टा पडला, खांदा सुजला. दहा वर्षांनी तिची मानाची पुढची खुर्ची गेली. मग एके दिवशी सरावानंतर तिने व्हायोलिनची पेटी उचलली आणि सगळ्यांचा निरोप घेतला. मिस्त्रीने तिला चहा आणून दिला. “छान वाजवायचात हो, बाई,” एवढेच म्हणाला आणि कप विसळायला गेला.

मी त्याला दोष देऊ का? पहिल्या वर्षी त्याला साहेबांची भीती होती. साहेब गेले, तेव्हा दारात त्यांचा पुतळा बसला आणि मेलेल्या माणसाबद्दल बोलणे वाईट दिसले असते. पुढे तर तो खरे सांगायला गेला असता, तर आधी इतकी वर्षे गप्प का राहिला, तेच सांगावे लागले असते. आणि मी? मला तोंड नाही. कान तेवढा आहे, तोही अर्धा बहिरा.

पुढे माझ्यात मोठमोठे कर्णे बसवले गेले. भाषणे झाली, बक्षीस समारंभ झाले. छप्पर गळू लागले, तेव्हा आठव्या रांगेत बादली ठेवली. ती बादली अजून आहे.

मित्रांनो, जुन्या वास्तूची काळजी घ्या असे म्हटले की माणसे आधी रंगाचा डबा आणतात. रंग द्या, माझे काही म्हणणे नाही. पण ऐकू येत नसेल, तर तसे सांगा. इमारतीला राग येत नाही. न सांगितलेल्या गोष्टीचे ओझे मात्र कुठेतरी पडतेच, आणि ज्याची चूक नसते त्याच्याच खांद्यावर पडते.

परवा सकाळी तरुणांच्या वाद्यवृंदाचा सराव होता. कर्णे बंद होते. पुढच्या खुर्चीवर मुंगीची भाची बसली होती. म्हातारी झालेली मुंगी सतराव्या रांगेत होती. मिस्त्रीही होता, दोन खुर्च्या सोडून, पण तिने त्याला ओळखले नव्हते. निवृत्त झाल्यापासून तो सरावाला येऊन बसतो. घरी टीव्ही आणि सून दोघेही फार मोठ्याने बोलतात म्हणे.

“पोचत नाही!” नवे संचालक ओरडले. “हात हलका पडतोय. जमणार नसेल तर आत्ताच सांग, खुर्ची बदलू.”

भाचीने व्हायोलिन मांडीवर ठेवले. डोळे पुसत तिने मागे पाहिले. “मावशी, तुला येत होतं का गं ऐकू?”

मुंगी उठली. “नाही गं, बाळा. जाऊ दे. आपल्या घरातच हात हलका आहे. माझंही असंच झालं होतं. चल, घरी जाऊ.”

“बाई, थांबा.” मिस्त्री पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

“अगबाई, मिस्त्री! तुम्ही अजून इथेच?”

“इथेच. बाई, पोरीचा हात हलका नाही. तुमचाही नव्हता. ते तक्ते बघा, ते तिथे नकोतच, पार खाली हवेत. सगळा आवाज वरच अडकून बसतो. फोटोसाठी मीच वर घेतले होते आणि परत खाली आणलेच नाहीत. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुमच्या हातात चहा दिला ना, तेव्हाही ठाऊक होतं.”