शिरेभोवतीचं कडं

राग माझ्या नाकावर असतो, असं आई म्हणते. आमच्या प्रयोगशाळेत फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या यकृताचे तुकडे तपासायला आले आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी शेजारी ते वाटायचं भांडं आणून ठेवलं, तेव्हा तो राग सरांनाही दिसला असणार.

"वाटून टाक. चरबी किती, तेवढं सांग."

"किती ते सगळ्यांनाच ठाऊक आहे, सर. कोणती आणि कुठे, ते वाटल्यावर कसं कळणार?"

मी केसाहून पातळ काप काढून काचेवर ठेवला. लेझर ठिपक्याठिपक्याने त्यावरून फिरला आणि कोणती चरबी कुठे आहे त्याचा नकाशा पडद्यावर उमटला. एका जातीची चरबी फक्त शिरेभोवती कडं करून बसली होती.

"मशीनचा डाग आहे. पुसून टाक," सर म्हणाले.

मी त्याच तुकड्याचा पुढचा काप मुद्दाम उलट्या दिशेने ठेवला. मशीनचा डाग असता तर जागेवरच राहिला असता. कडं मात्र शिरेबरोबर दुसऱ्या टोकाला गेलं.

सरांनी दोन्ही नकाशे शेजारी लावून पाहिले. "ठीक आहे. पण शोधनिबंधात वाटून काढलेली सरासरीच देऊ. नकाशावर लोक वाद घालत बसतात."

मी भांडं उचललं आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"मग सरासरी तुम्ही काढा, सर. वाद घालायला मी आहे."