वळणावरची छत्री

ईस्टरच्या रविवारी ऊन कितीही लख्ख पडलेलं असो, लेन्का चर्चकडच्या वळणावर काळी छत्री उघडून उभी राहायची. कॅमेरे घेऊन आलेले परगावचे लोक वैतागायचे.

"आजी, छत्री जरा खाली घेता का? पाऊस नाहीये."

आपल्याला गावची छोटी भाषाच येते, जर्मन कळतच नाही असा चेहरा करून लेन्का समोर बघत राहायची. स्वारांची रांग आली, की जोडीमागून जोडी शांतपणे जाऊ द्यायची. भाऊ हांद्री वळणावर आला, की मात्र ज्याचा कॅमेरा वर होईल त्याच्यापुढे छत्री कलती व्हायची. हांद्रीचा घोडा पुढे गेला की छत्री मिटली. मग काढा म्हणावं हवे तेवढे फोटो.

गावातली पोरं तिला छत्रीवाली लेन्का म्हणत. जुन्या माणसांना त्या छत्रीचं कारण ठाऊक होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. मागच्या राजवटीत सरकारला देवाधर्माचं वावडं होतं. ईस्टरला पुरुष उंच काळ्या टोप्या घालून, घोड्यांवर बसून, गीतं गात शेजारच्या गावाला प्रभू उठल्याची वार्ता द्यायला निघत, तेव्हा करड्या कोटातली दोन-तीन अनोळखी माणसं या वळणावर उभी राहून फोटो काढत. पुढे कुणाची बढती अडे, कुणाचं कॉलेज सुटे. म्हणून बायकांनी ही युक्ती काढली होती. करडा कोट दिसला, की सगळ्यांच्या छत्र्या उघडायच्या आणि स्वारांनी गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसायचं. ते सरकार गेलं, ते कोटही गेले. बाकीच्या बायकांनी छत्र्या खुंटीला लावल्या. लेन्कानं लावली नाही. आणि हांद्रीची मान अजूनही कॅमेरा दिसला, की आपोआप पुस्तकात जायची. घोड्यावर बसलेल्या हांद्रीचा एकही फोटो घरात नव्हता.

यंदा त्याची पन्नासावी स्वारी होती. पहिल्या स्वारीला छातीवर हिरव्या पानांचं चिमुकलं कडं लावतात, पंचविसाव्या स्वारीला चांदीचं आणि पन्नासाव्या स्वारीला सोनेरी. सोनेरी कड्यापर्यंत फार थोडे पोचतात. यंदा गावात दोघे होते. एक हांद्री आणि दुसरा मिक्लाव व्येंक. पहिली स्वारी दोघांनी एकाच वर्षी केली होती, एकमेकांच्या शेजारी. स्वार दोघादोघांनी चालतात आणि पहिल्या स्वारीला जो जोडीदार असतो तोच बहुधा जन्मभर असतो. हांद्री आणि मिक्लावची जोडी मात्र त्या एकाच स्वारीपुरती टिकली होती.

शनिवारी दुपारी हांद्री तबेल्यात घोडीला खरारा करत होता. तबेल्यात आता वर्षभर ट्रॅक्टर असे. घोडी चार दिवसांसाठी ड्रेस्डेनकडच्या एका रायडिंग स्कूलमधून भाड्यानं आणलेली, पांढरी, उंच आणि जरा शहरी नखऱ्याची. लेन्का मागे स्टुलावर बसून शेपटीसाठी रिबिनीचं फूल शिवत होती. पांढरं सॅटिन, त्यावर लाल दोऱ्यानं कोकरू आणि खाली पन्नासचा आकडा. अख्खा हिवाळा तिनं त्यावर घालवला होता.

"ही बया उद्या गाणं ऐकून बिथरणार," हांद्री म्हणाला. "कालपासून तिच्यापुढे गातोय. कान पाडते."

"तुझा आवाज ऐकून कोण पाडणार नाही?"

"तू शेपटीकडे बघ तुझ्या."

"बघतेच आहे. गाठ मीच मारणार, तू हात लावायचा नाहीस. तुझी गाठ म्हणजे खाणीतला दगड उचलायची. रिबीन फाटते पण सुटत नाही."

हांद्री हसला. चाळीस वर्षं त्यानं ग्रॅनाइटच्या खाणीत काढली होती. बोटं आता धड मिटतही नव्हती, पण खराऱ्याचा हात अजून तसाच लांब आणि मऊ फिरायचा.

"सकाळी फादर आले होते पुन्हा," तो म्हणाला.

लेन्काची सुई थांबली. सोनेरी कड्याच्या दोघांनी क्रुसामागे सर्वांत पुढे, शेजारी शेजारी चालायचं अशी फादरांची इच्छा होती. मिक्लाव शेजारी असेल तर मी घोड्यावर पायच टाकणार नाही, असं हांद्रीनं त्यांना गुरुवारीच सुनावलं होतं.

"मग? काय म्हणाले?"

"मिक्लाव व्येंक येत नाहीये यंदा. गुडघा दुखतो म्हणे."

"गुडघा? काल शिडीवर चढून छपराची पन्हळ साफ करत होता तो."

"मग सुचलं असेल शहाणपण. एकोणपन्नास वर्षांनी का होईना."

"अरे, त्याचीही पन्नासावी आहे."

"असू दे. मी वर्गात उभा राहणार होतो, लेन्के. त्याच्यामुळे खाणीत उभा राहिलो."

हे वाक्य लेन्कानं इतक्यांदा ऐकलं होतं, की तो श्वास घ्यायला कुठे थांबतो तेही तिला ठाऊक होतं. त्या वर्षी हांद्री एकोणीस वर्षांचा होता, शिक्षकांच्या कॉलेजात शिकणारा. ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी प्राचार्यांनी बोलावून टेबलावर एक फोटो ठेवला. त्यात हांद्री आणि मिक्लाव, दोघंही घोड्यांवर. खाली शाईनं लिहिलेलं होतं हांद्रीचं नाव, गाव, कॉलेज आणि घोडीचं नावसुद्धा, लिस्का. मिक्लावचं नाव कुठेच नव्हतं. हांद्रीचं कॉलेज सुटलं, मिक्लावची डेअरीतली नोकरी शाबूत राहिली. लिस्का हे नाव गावाबाहेरच्या कुणाला माहीत असणार? हांद्रीनं दोन आणि दोन चार केले आणि मिक्लावशी बोलणं टाकलं. मिक्लावनं एकदा दाराशी येऊन शपथ घेतली, हांद्रीनं दार लावून घेतलं. त्याच मे महिन्यात मिक्लावनं लेन्काला नाचाला येतेस का म्हणून विचारलं होतं. ती गेली नाही. गावाला वाटलं, भावासाठी गेली नाही. ते सरकार आणि जर्मनीच्या मधली भिंत पडल्यावर लोक गुप्त पोलिसांनी ठेवलेल्या आपापल्या फायली वाचून आले, कुणी रडत, कुणी गप्प होऊन. हांद्री गेला नाही. "जे माहीत आहे तेच वाचायला एवढ्या लांब कशाला जाऊ?" असं म्हणाला, आणि त्या रात्री लेन्काला कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली होती. त्या झोपेचीही तिला पुढे लाज वाटली.

तिनं सुई सॅटिनमध्ये खोचली.

"हांद्री, नाव मिक्लावनं सांगितलं नव्हतं."

"तुला काय माहीत?"

"मी सांगितलं."

खरारा घोडीच्या पाठीवर तसाच थांबला. घोडीनं मान वळवून बघितलं.

"मी वळणावर उभी होते. छत्री हातात होती," लेन्का म्हणाली. आपला आवाज सोळा वर्षांच्या मुलीसारखा बारीक झालाय हे तिचं तिलाच ऐकू येत होतं. "तुम्ही येताना दिसलात. तू इतका देखणा दिसत होतास रे, ते हिरवं कडं लावून. छत्री उघडायचं सुचलंच नाही. शेजारी एक माणूस होता. त्यानं विचारलं, हा पांढऱ्या पायांच्या घोडीवरचा कोण गं? मी म्हटलं, माझा भाऊ, हांद्री. शिक्षक होणार आहे. आणि घोडी आमची, लिस्का. सगळं सांगितलं. मिक्लावचं त्यानं विचारलं नाही, माझ्याही मनात आलं नाही."

"करडा कोट दिसला नाही तुला?"

"दिसला. पण तो जर्मनमध्ये नाही, आपल्या भाषेत बोलला रे."

हांद्रीला हे समजावून सांगायची गरज नव्हती. जगात ही भाषा बोलणारी माणसं ती किती, आणि जो बोलतो तो परका कसा असेल, हे दोघंही एकाच आईच्या मांडीवर शिकले होते.

"फोटो काढून झाल्यावर म्हणाला, गुणाची पोर आहेस. मी खिशातलं रंगवलेलं अंडंसुद्धा दिलं त्याला."

"अंडं दिलंस?"

"हो."

"कुठलं?"

"निळं. मेणानं सूर्य काढलेलं."

"ते मी मागितलं होतं सकाळी."

"हो. तुला नाही दिलं."

हांद्रीनं खरारा खिळ्याला अडकवला, तिच्या हातातून रिबिनीचं फूल काढून घेतलं आणि फळीवर ठेवलं.

"घरी जा, लेन्के."

"शेपटी राहिली आहे."

"मी बांधीन."

"तुला जमणार नाही."

"घरी जा म्हटलं ना."

रविवारी ती वळणावर गेली तेव्हा छत्री घरीच होती. रिकाम्या हातांचं काय करावं तिला कळेना. कधी खिशात घातले, कधी कोटाची बटणं चाचपली. रस्त्याच्या दोन्ही कडांना परगावच्या लोकांची दाटी झाली होती. तिच्या शेजारी एक तरुण मुलगी उभी होती, गळ्यात मोठा कॅमेरा, पाठीवर पिशवी.

"मी इथे उभी राहिले तर चालेल ना?" मुलीनं जर्मनमध्ये विचारलं.

"रहा की."

हांद्री येईल की नाही, हेही लेन्काला माहीत नव्हतं. त्याच्या खिडकीत सकाळी दिवा होता, पण तिचं त्याच्या दाराशी जायचं धाडस झालं नव्हतं. आला तर एकटा येईल का? आणि नाहीच आला तर? सोनेरी कड्याची स्वारी एकदाच येते. त्याचं कॉलेज तिनं घालवलं होतं. आता हेही आपल्याच बोलण्यापायी जाणार, असं तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं.

आधी गाणं ऐकू आलं. मग क्रूस दिसला, मग झेंडे आणि त्यांच्यामागे एक पांढरी घोडी. तिच्या शेजारी एक तपकिरी घोडा होता. त्यावर मिक्लाव व्येंक बसला होता. टोपीखालचे कान लाल, डोळे पुस्तकात, खालच्या पट्टीत गात असलेला. गुडघा शाबूत होता. दोघांच्या छातीवर सोनेरी कडी उन्हात चमकत होती.

कॅमेरे वर झाले. लेन्काचा हात सवयीनं छत्रीची मूठ शोधायला गेला आणि रिकामाच खाली आला. आता हांद्री मान खाली घालणार, तिला वाटलं. त्यानं घातली नाही. पुस्तक मांडीवर मिटलेलं होतं. तो तोंडपाठ गात होता आणि समोर बघत होता, अगदी थेट. त्या चेहऱ्यावर राग होता का, आणखी काही होतं का, तिला सांगता आलं नसतं. लहानपणी ती पडली, की तिला किती लागलंय हे बघायला तो असाच आधी गप्प बघत राहायचा.

शेजारी खटखट आवाज झाला.

"वा!" मुलगी म्हणाली आणि कॅमेऱ्याचा पडदा लेन्कापुढे धरला. "बघा ना, बाकी कुणीच बघत नव्हतं. हे आजोबा बरोबर कॅमेऱ्याकडे बघताहेत."

लेन्कानं वाकून बघितलं. एवढ्याशा चौकटीत तिचा भाऊ घोड्यावर बसला होता, तोंड उघडं, भुवया पांढऱ्या. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. तो कॅमेऱ्याच्या बोटभर डावीकडे बघत होता, जिथे ती उभी होती.

"कोण आहेत हे दोघे? तुम्ही ओळखता?"

लेन्काच्या ओठांवर दोन्ही नावं आली होती. तिनं ती गिळली.

"चार वाजता परत येतात, चर्चसमोर," ती म्हणाली. "त्यांनाच विचार. शेजारचा आहे ना, तपकिरी घोड्यावरचा, त्याला आधी विचार."

जोडी वळणावरून पुढे निघाली होती. मागून दोन्ही शेपट्यांवरची फुलं दिसली आणि लेन्का नकळत एक पाऊल पुढे सरकली. दोन्ही वाकडी! हांद्रीचं एका बाजूला लोंबत होतं, कोकरू पोटावर पडल्यासारखं. मिक्लावचं त्याच्या बायकोनं भरलेलं होतं. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. पिवळट पडलेलं ते जुनं फूल तसंच उजवीकडे कललं होतं. पळत जाऊन दोन्ही सरळ करावीत असं तिला फार वाटलं. पण मागून बाकीच्या जोड्या येत होत्या, एकशेतीस घोडे, आणि रस्ता कुणासाठी थांबणार नव्हता.

त्या दिवशी हांद्री तिच्याकडे कॉफीला आला नाही. एकोणपन्नास वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिनं मांडलेला कप तसाच उचलून ठेवला आणि केक शेजाऱ्यांकडे पाठवून दिला.

सोमवारी सकाळी ती कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर आली, तेव्हा फाटकाच्या कडीला एक कागदी पिशवी अडकवलेली दिसली. दरवर्षी स्वारीनंतर रिबिनीचं फूल धुऊन, खळ घालून, इस्त्री करून जपून ठेवायला तिच्याकडेच येत असे. चिठ्ठी नव्हती. पिशवीत दोन फुलं होती.

लेन्कानं परातीत कोमट पाणी घेतलं. तिच्या फुलाचा लाल दोरा नवा होता, रंग सोडेल म्हणून ते तिनं बाजूला ठेवलं आणि आधी मिक्लावचं हातात घेतलं. शेपटीचे चार तपकिरी केस त्यात अजून अडकले होते. रिबीन मोकळी करायला गेली तर गाठ सुटेना. नखानं बघितली, दातांनी बघितली. मग चष्मा लावून ती खिडकीशी उजेडात गेली.

दोनदा आतून घेतलेली, वरून दाबून बसवलेली गाठ. अशी गाठ गावात एकच माणूस मारत असे, आणि ती दगड उचलायला.

तिनं कपाटातून जाड सुई काढली, खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि रिबीन फाटू न देता ती गाठ सोडवत दुपारपर्यंत बसली.